बॉम्बे स्ट्रीटचे रखवालदार

नमस्कार श्रोतेहो. ‘निमलष्करी’ म्हटलं की आपल्याला आठवतात सीआरपीएफ, बीएसएफचे जवान, निवडणुकीच्या बंदोबस्ताला आलेले. उत्तर आयर्लंडच्या बातम्यांत हाच शब्द आला की गफलत होते. तिथे सरकारने कुणाला नेमलं नव्हतं. बंदूक हाती घेतलेली शेजारपाजारची पोरं होती ती.

बेलफास्टच्या कॅथलिक वस्तीत एक छोटी गल्ली आहे, बॉम्बे स्ट्रीट. तिथेच काश्मीर रोडही आहे; साम्राज्याच्या काळातली नावं, दुसरं काय! १५ ऑगस्ट १९६९ ला पलीकडच्या प्रोटेस्टंट वस्तीतून जमाव आला आणि ही गल्ली जाळून गेला. पोलीस दलही बहुतांश प्रोटेस्टंट. त्यांच्यावर विसंबायचं कसं? ‘आपली माणसं आपणच राखू’ म्हणणाऱ्यांना मग ऐकणारे मिळाले. त्याच डिसेंबरात आयआरए, म्हणजे ब्रिटनपासून सुटून एकसंध आयर्लंड मागणारी, कॅथलिकांतली सशस्त्र ‘आयरिश रिपब्लिकन आर्मी’, फुटली आणि ‘प्रोव्हिजनल’ गट वेगळा झाला. पलीकडे, ब्रिटनमध्येच राहू म्हणणाऱ्या प्रोटेस्टंटांत, यूव्हीएफ (अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स) ही सशस्त्र संघटना होतीच, १९७१ मध्ये यूडीए (अल्स्टर डिफेन्स असोसिएशन) आली. तिचंही म्हणणं तेच: आम्ही रखवालदार.

या यूडीएची गंमत, गंमत कसली म्हणा, अशी की १९९२ पर्यंत ती कायदेशीर होती. खून करणारे तिचेच लोक, पण जबाबदारी घ्यायची ‘अल्स्टर फ्रीडम फायटर्स’ या नावाने. बंदी त्या नावावर, मूळ पाटी शाबूत.

आणि रखवालदारांचा धाक आपल्याच आळीला. कुणी गाडी चोरली, कुणी गर्द विकली, तर पोलिसांत कोण जाणार? संघटनाच निवाडा करी आणि गुडघ्यात गोळी घाली. काही पोरांना वेळ-जागा आधीच कळवत, आणि ती मुकाट जात. चुकवलं तर पुढची शिक्षा याहून वाईट. १९७२ च्या डिसेंबरात दहा मुलांच्या एका विधवा आईला आयआरएने खबरी ठरवून घरातून नेलं. तिचा मृतदेह समुद्रकिनारी सापडला २००३ मध्ये. ती खबरी असल्याचा पुरावा पोलीस लोकपालांना मिळाला नाही.

साडेतीन हजारांवर माणसं गेली. १९९८ मध्ये करार झाला, २००५ मध्ये आयआरएने शस्त्रं टाकली. बॉम्बे स्ट्रीटची घरं केव्हाच पुन्हा बांधली गेली. त्यांच्या परसामागे उंच भिंत आहे, आणि पलीकडून दगड येऊ नयेत म्हणून परसावर लोखंडी जाळी.