सगळ्यांचा रविवार

मित्रहो, जर्मनीत नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिला झटका बसतो तो रविवारी. शनिवारी वाणसामान आणायचं राहून गेलं, की दुसऱ्या दिवशी दुधाची पिशवी मिळायचीही पंचाईत. सुपरमार्केट बंद, कपड्यांची दुकानं बंद. सकाळी काही तास बेकरी उघडते, तिथे ताज्या पावांसाठी रांग लागते. मोठ्या रेल्वे स्टेशनात नाहीतर पेट्रोल पंपावर काय मिळेल ते. बाकी सगळा शुकशुकाट.

दुकानांचं एक वेळ ठीक आहे. पण भिंतीत ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही. वस्तीच्या कोपऱ्यावर रिकाम्या बाटल्या टाकायच्या मोठ्या पेट्या असतात. पांढरी काच वेगळी, तपकिरी वेगळी, हिरवी वेगळी. पेटीवर बाटल्या टाकायच्या वेळा लिहिलेल्या असतात आणि रविवारी, सणासुदीला टाकू नका असं बजावलेलं असतं. का, तर बाटली आत पडली की खळ्ळकन फुटते आणि समोरच्या घरात कुणी निजलेलं असतं. अनोळखी माणसाच्या झोपेची एवढी काळजी! मला ती पाटी वाचून फार बरं वाटलं होतं.

आपली मंडळी वैतागतात, तेही मला कळतं. आठवडाभर नोकरी करणाऱ्याची शनिवारी तारांबळ उडते. पण यामागे त्या देशाने ठरवून घेतलेली गोष्ट आहे. रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने राखला जाईल, हे कलम १९१९च्या वायमार राज्यघटनेत होतं; १९४९च्या घटनेने ते तसंच उचललं. पुढे बर्लिनने नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला मुभा दिली, तेव्हा चर्चसंस्था घटना न्यायालयात गेल्या. २००९मध्ये निकाल लागला: व्यापाऱ्याचा गल्ला आणि गिऱ्हाइकाची खरेदीची हौस एवढ्यावर रविवार मोडता येणार नाही.

आता आपल्याकडे या. रविवार इंग्रजांनी आयता दिला, असं पुष्कळांना वाटतं. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो झगडून मिळवावा लागला. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९०मध्ये मालक नमले. अख्खी चाळ एकाच दिवशी घरी असायची, म्हणून तर भजनी मंडळं, नाटकं, गावकीच्या बैठका रविवारी होऊ शकल्या.

महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्याने दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवायला परवानगी दिली. कामगाराची साप्ताहिक सुट्टी शाबूत आहे, पण ती पाळीपाळीने. म्हणजे मॉलमध्ये गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला सुट्टी मंगळवारी, सिक्युरिटीत असलेल्या तिच्या नवऱ्याला गुरुवारी आणि मुलाच्या शाळेला रविवारी. तिघांनी एकत्र जेवायचं कधी? दवाखाने, गाड्या, हॉटेलं रविवारी जर्मनीतही चालतात, चालायलाच हवीत. पण साडी आणि टीव्ही सोमवारी घेतला तर आपलं काहीही अडत नाही. तेवढी दुकानं तरी रविवारी बंद असावीत, अशी माझी स्पष्ट मागणी आहे, आणि ती गिऱ्हाइकांनी, म्हणजे तुम्हीआम्ही, करायला हवी.