ओ-लाइन अख्खी रिकामी झालीय, आता उभं कोण राहणार?

नमस्कार मंडळी! कॅन्टन, नोवाय, ट्रॉय, ॲन आर्बर, जिथून कुठून ऐकताय तिथून सगळ्यांना नमस्कार. ऑगस्ट लागलाय, पोरांच्या शाळेच्या सामानाच्या याद्या आल्यात आणि इकडं मिशिगन युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा सीझनआधीचा सराव, फॉल कॅम्प, सुरू झालाय, म्हणजे 2024 चा सीझन अगदी दारात येऊन उभा आहे. गेले सहा महिने ज्याला त्याला एकच प्रश्न पडलाय, जे. जे. मॅकार्थी गेला, आता क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा आणि खेळ चालवणारा, कोण? मी आज त्यावर बोलणार नाहीये. मी बोलणार आहे त्याच्या पुढं वाकून उभे राहणाऱ्या पाच जणांबद्दल, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनबद्दल, थोडक्यात ओ-लाइनबद्दल, कारण माझ्या मते या वर्षीचा खरा प्रश्न तिथं आहे.

आता तुमच्यातले काही जण नवीन आले असतील, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम, पाटाकडील आणि दिलबहारची मॅच, आणि मॅचनंतर चौकाचौकात रात्री उशिरापर्यंत वाद. इथं आल्यावर हा हातानं खेळायचा फुटबॉल मला पहिली दोन वर्षं कळलाच नाही, सारखी शिट्टी, सारखं थांबणं, सगळे एकमेकांच्या अंगावर पडलेले. मग कामावरच्या एकानं सांगितलं की बॉलकडं बघू नकोस, मधल्या पाच जणांकडं बघ. बघितलं आणि एकदम ओळखीचं वाटलं की हो, कारण ती कुस्ती होती. गुडघे वाकलेले, कंबर खाली, हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूनं आणि पाय सारखे चालू. आमच्या तालमीत वस्ताद हेच सांगायचे, जो खाली राहील त्याची कुस्ती. इथले कोचसुद्धा अगदी तेच सांगतात, फक्त लाल मातीऐवजी गवत आहे आणि अंगावर पॅड.

तर हे पाच जण म्हणजे मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूला गार्ड आणि टोकांना टॅकल. बॉल सेंटर मागं देतो, बाकीच्या चौघांच्या हाताला तो जवळपास कधी लागतच नाही. पॉइंट यांच्या नावावर लागत नाहीत, टीव्हीवर यांचं नाव येतं ते बहुतेक वेळा होल्डिंगची पेनल्टी लागल्यावर. पण रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, पळतो तो यांनी पाडलेल्या फटीतून आणि क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंद मिळतात ती यांनी अडवून धरल्यामुळं.

मिशिगनचं गेल्या तीन वर्षांचं सगळं वैभव या पाच जागांवर उभं होतं असं मी म्हणतो, आणि ते काही प्रेमापोटी म्हणत नाही. देशातल्या सगळ्यात चांगल्या ओ-लाइनला ‘जो मूर’ नावाचं अवॉर्ड मिळतं, म्हणजे एकट्या खेळाडूला नाही, अख्ख्या लाइनला. ते 2021 ला मिशिगनला मिळालं, 2022 ला परत मिळालं. 2023 ला ते वॉशिंग्टनला गेलं आणि मग 8 जानेवारीला ह्यूस्टनमध्ये नॅशनल चॅम्पियनशिपच्या फायनलला समोर तेच वॉशिंग्टन आलं, आपण 34-13 नं जिंकलो आणि नुसतं पळून 303 यार्ड काढले. आपल्या रनिंग बॅक डोनोव्हन एडवर्ड्सचे पहिले दोन टचडाउन, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडं नेलेला, परत बघा कधी, 41 यार्ड आणि 46 यार्ड, त्याच्या अंगाला कुणाचा हात लागायच्या आधी तो कुठल्या कुठं पोचलेला असतो.

आणि पेन स्टेटची मॅच! नोव्हेंबरमध्ये, त्यांच्या घरी, हेड कोच जिम हार्बॉ सस्पेंड झालेले, ओ-लाइनचे कोच शेरोन मूर त्यांच्या जागी उभे, आणि या माणसानं मॅच संपेपर्यंत सलग 32 वेळा बॉल पळवायलाच दिला. बत्तीस! समोरच्यांना माहितीय, स्टेडियममधल्या लाखभर लोकांना माहितीय की आता पळणार आहेत, तरी अडवता येईना. 24-15 जिंकलो. माझ्या लेखी ती मॅच म्हणजे ओ-लाइनची मॅच, मी ती आजवर चार वेळा पूर्ण बघितलीय.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ओहायो स्टेट, आपल्या घरी, ॲन आर्बरलाच, आणि त्या दिवशी मी स्टेडियममध्ये होतो. तिसऱ्या क्वार्टरला झॅक झिंटर, आपला उजवा गार्ड, कॅप्टन, खाली पडला तो उठलाच नाही. पायाची दोन्ही हाडं मोडलेली. लाखाच्या वर माणसं आणि एवढी शांतता की शेजारच्या बाईंचा हुंदका ऐकू येत होता. त्याला गाडीवरून नेलं, आणि पुढच्याच प्लेला रनिंग बॅक ब्लेक कोरम 22 यार्ड पळून टचडाउन घेऊन आला आणि त्यानं बोटांनी सहा आणि पाच दाखवले, 65, झिंटरचा नंबर. मला हे सांगताना आत्तासुद्धा भरून येतं. पण मला सांगायचंय ते त्यातलं वेगळंच, की झिंटरच्या जागी उजव्या टॅकलचा कार्सन बार्नहार्ट सरकून आत आला आणि टॅकलला ट्रेंट जोन्स आला, आणि लाइन हलली नाही. कारण हे सगळे वर्षानुवर्षं एकमेकांशेजारी खेळलेले, कोण कुठं पाय टाकणार हे दुसऱ्याला न बघता माहिती.

ते सगळे गेले. फायनलला जे पाच जण सुरुवातीला उतरले, लाडॅरियस हेंडरसन, ट्रेव्हर कीगन, ड्रेक न्यूजंट, बार्नहार्ट, जोन्स, त्यातला एकही आता नाही, आणि झिंटरही नाही. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या व्यावसायिक टीम कॉलेजची पोरं निवडतात त्यात, तर तिसऱ्या फेरीत 83 नंबरला कोरम, 84 ला रोमन विल्सन आणि 85 ला झिंटर, असे ओळीनं तीन मिशिगनचेच गेले, मी तेव्हा खूश होऊन टाळ्या वाजवत होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना डोक्यात आलं की अरे, आता ओ-लाइनला आहे कोण?

तर आहे कोण ते बघू. डाव्या टॅकलला बहुतेक माइल्स हिंटन. हा स्टॅनफर्डहून आलेला, सहा फूट सहा इंच, याचे वडील क्रिस हिंटन एनएफएलमध्ये याच कामात गाजलेले. गेल्या वर्षी सुरुवातीचे काही सामने स्टार्ट केले, मग बाहेर बसावं लागलं. ताकद प्रश्नच नाही, पण बाहेरून वेगात क्वार्टरबॅकवर धावून येणारा रशर आला की पाय थोडे उशिरा हलतात असं मला गेल्या वर्षी दिसलं. उन्हाळाभर त्यानं त्याच्यावरच काम केलं असेल अशी आशा आहे. डाव्या गार्डला जॉश प्रीबी, नॉर्थवेस्टर्नचा कॅप्टन होता, मूळचा आपल्याच राज्यातला, एडवर्ड्सबर्गचा, घरी परत आलाय. त्याची मला काळजी नाही. उजव्या गार्डला जिओव्हानी एल-हादी, हा तर इथून तासाभरावरच्या स्टर्लिंग हाइट्सचा, 2022 ला कीगन नसताना खेळलाय आणि चांगला खेळलाय. त्याचीही काळजी नाही.

सेंटरवर मात्र थांबतो जरा. ग्रेग क्रिपन की डॉमिनिक जुडीची, की रहीम अँडरसन? लोकांना वाटतं सेंटर म्हणजे बॉल मागं देणारा. तसं नाहीये. समोरची डिफेन्स कशी उभी आहे, मधला लाइनबॅकर, म्हणजे त्यांच्या लाइनच्या मागं उभा असणारा, कुणाला धरायचा, कोण कुणाला घेणार, हे तो प्लेच्या आधी काही सेकंदांत ओरडून सांगतो आणि बाकी चौघं त्यावर चालतात. त्याचा हिशेब चुकला की पाचही जण चुकतात. आणि परक्या स्टेडियममध्ये तर ओरडलेलं ऐकूच जात नाही, मग सायलेंट काउंट, म्हणजे गार्ड मागं क्वार्टरबॅककडं बघतो, सेंटरला थाप मारतो आणि सेंटर स्नॅप करतो, म्हणजे बॉल मागं देतो. ही थाप आणि स्नॅप यातलं अंतर सगळ्यांच्या अंगात बसलेलं लागतं. नाहीतर कोणीतरी आधी हलतो आणि पेनल्टीत पाच यार्ड गेले.

क्रिपन, जुडीची, अँडरसन आणि उजवा गार्ड एल-हादी, चौघंही 2021 ला एकत्र आले, तीन वर्षं त्या मोठ्या लोकांच्या मागं बसून रोज सरावात एकमेकांशेजारी खेळले. जुडीची तर आला होता डिफेन्सिव्ह लाइनला, इथं येऊन बाजू बदलली. मला स्वतःला क्रिपन आवडतो, तो मुळापासून सेंटरच आहे. पण कोणीही आला तरी सेंटर आणि उजवा गार्ड या दोन जागा नीट बसतील असं मला मनापासून वाटतं, कारण एकमेकांची सवय आहे. ही सवय काय चीज आहे ते एका उदाहरणानं सांगतो. कॉम्बो ब्लॉक म्हणून असतो, त्यात गार्ड आणि सेंटर दोघं मिळून समोरच्या दीडशे किलोच्या माणसाला ढकलतात, आणि ढकलता ढकलता एकानं सुटून मागच्या लाइनबॅकरला गाठायचं. कुणी सुटायचं? लाइनबॅकर ज्या बाजूला जाईल त्या बाजूच्यानं. कधी सुटायचं? फार लवकर सुटला तर जोडीदार एकटा पडून मागं येतो, फार उशीर झाला तर लाइनबॅकर फटीत येऊन बसलेला असतो. बोलायला वेळच नसतो, सगळं खांद्याला खांदा लागून कळतं. हे दोन नवीन माणसांना, कितीही चांगले असू देत, पंधरा दिवसांत जमत नाही.

आणि म्हणून मला खरी धास्ती आहे उजव्या टॅकलची. तिथं तिघं आहेत. अँड्र्यू जेन्ट्री, कोलोरॅडोचा, कॉलेजच्या आधी दोन वर्षं चर्चच्या मिशनला जाऊन आलेला, त्यामुळं वयानं मोठा. जेफ्री पर्सी, बरीच वर्षं प्रोग्रॅममध्ये असलेला. आणि एव्हन लिंक, दुसऱ्याच वर्षाचा पोरगा, ज्याच्याबद्दल ॲन आर्बरमधले लोक फार चांगलं बोलतायत. तिघांनाही मोठ्या मॅचमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभं राहायचा अनुभव जवळपास नाही. माझं म्हणणं एवढंच की कोचनं लवकर एक जण ठरवावा आणि एल-हादीच्या शेजारी त्यालाच रोज उभा करावा. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आलटून पालटून खेळवत बसले तर ती उजवी बाजू ऑक्टोबरपर्यंत जुळणार नाही. थोडा कमी ताकदीचा पण रोजचा माणूस मला चालेल.

आता कोच. शेरोन मूर जानेवारीत हेड कोच झाले, म्हणजे ज्या माणसानं ही लाइन 2021 पासून घडवली तोच आता अख्ख्या टीमचा धनी आहे. लाइन दिलीय ग्रँट न्यूसमकडं. हा मुलगा स्वतः इथं डावा टॅकल होता, 2016 ला विस्कॉन्सिनच्या मॅचमध्ये गुडघा असा गेला की पाय वाचेल की नाही अशी वेळ आली होती, ऑपरेशनवर ऑपरेशन, आणि खेळणं कायमचं संपलं. तरी तो गेला नाही, इथंच राहिला, शिकवायला लागला, टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला उभं राहून अडवणारे आणि बॉलही झेलणारे, त्यांचा कोच झाला आणि आता त्याच्या स्वतःच्या जागेवर उभं राहणाऱ्या पोरांना तो शिकवणार. लाइन कोच म्हणून त्याचं हे पहिलंच वर्ष, ते खरंय, पण मला या माणसावर विश्वास ठेवावासा वाटतो.

दुसरं एक नुकसान फारसं कोणी बोलत नाही, ते म्हणजे बेन हर्बर्ट, व्यायामाचे कोच, हार्बॉंबरोबर एनएफएलच्या चार्जर्सला गेले. तालमीत वाढलेल्या माणसाला विचारा खुराक आणि जोर-बैठका सांभाळणारा माणूस गेला की काय होतं. चौथ्या क्वार्टरला समोरचे दमायचे आणि आपले दमायचे नाहीत, ते याच माणसाचं काम होतं.

क्वार्टरबॅकबद्दल बोलणार नाही म्हटलं होतं पण लाइनपुरतं एक सांगतो. ॲलेक्स ओर्जी असेल तर तो स्वतः पळतो, त्यामुळं डिफेन्सला एक माणूस त्याच्यासाठी राखून ठेवावा लागतो आणि लाइनचं गणित सोपं होतं. डेव्हिस वॉरन किंवा जॅक टटल असेल तर तो मागं उभा राहून फेकणार, मग दोन्ही टॅकलची खरी परीक्षा. म्हणून मला वाटतं पहिला महिनाभर तरी मूर साहेब पळवत राहतील, कॅलेल मलिंग्ज आणि एडवर्ड्स, दोघंही दणकट आहेत, आणि मधल्या तिघांच्या मागून पळायला त्यांना आवडेल.

31 ऑगस्टला संध्याकाळी साडेसातला फ्रेस्नो स्टेट, घरी. ते ठीक आहे. पण आठच दिवसांत, 7 सप्टेंबरला, टेक्सस येतंय, आणि नवीन लाइनला याहून वाईट तारीख मिळाली नसती. त्यांचे ते दोन मोठे डिफेन्सिव्ह टॅकल ड्राफ्टमध्ये गेलेत, बायरन मर्फी तर पहिल्याच फेरीत, तेवढाच काय तो दिलासा. त्या दिवशी आपली लाइन डगमगली तर मला धक्का बसणार नाही, आणि तुम्हीही रविवारी सकाळी लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर या पोरांना मोडीत काढू नका अशी विनंती आहे. 21 तारखेला यूएससी आहे, तिथवर तरी थांबा. ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनशी खेळायला सिॲटलला जायचंय, मग इलिनॉय, 2 नोव्हेंबरला ऑरेगन आपल्याकडं, आणि 30 नोव्हेंबरला कोलंबसला ओहायो स्टेट. माझा अंदाज विचाराल तर पळण्यात ही लाइन ऑक्टोबरपर्यंत चांगली होईल, पास अडवण्यात वर्षभर थोडी कच्ची राहील, आणि तिसरं जो मूर अवॉर्ड या वर्षी नाही मिळणार. पण कोलंबसला थंडीत, चौथ्या क्वार्टरला, तीन यार्ड हवे असतील तेव्हा प्रीबी, क्रिपन आणि एल-हादीच्या मागून ते मिळतील असं मला वाटतं.

तर 31 तारखेला टीव्ही लावाल तेव्हा पहिली दहा प्ले बॉल सोडून द्या आणि उजवीकडचे शेवटचे दोघं बघा, गार्ड आणि टॅकल. दोघांचे खांदे एका रेषेत पुढं जातायत की मधे फट पडतेय, एवढंच बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू.