समासातली म्हातारी

नमस्कार श्रोतेहो. आज प्राचीन ग्रीक कवी होमरबद्दल, म्हणजे खरं तर होमरच्या समासाबद्दल, पानाच्या कडेला सोडलेल्या जागेबद्दल बोलायचंय. व्हेनिसच्या लायब्ररीत त्याच्या इलियडची, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याची दहाव्या शतकातली एक हस्तलिखित प्रत आहे, मध्ये काव्य आणि चारी बाजूंनी बारीक अक्षरात टीका. टीका म्हणजे नावं ठेवणं नाही हं, ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका आहे ना, तशी टीका.

आता माझा आवडता किस्सा. इलियडच्या तिसऱ्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस द्वंद्वात हरायला लागतो तेव्हा ॲफ्रोडायटी देवी त्याला धुक्यात लपवून थेट शयनगृहात नेऊन ठेवते, मग जिच्यामुळे युद्ध पेटलं त्या हेलनला बोलवायला जाते, पण कशी जाते, तर हेलनची लोकर पिंजून देणाऱ्या म्हातारीचं रूप घेऊन! हेलन तिला ओळखते, चिडते, देवी धमकावते, शेवटी हेलन निमूट जाते, आणि तिथे गेल्यावर देवी स्वतः खुर्ची उचलून पॅरिससमोर मांडते, हेलनला बसायला. अलेक्झांड्रियाचा पंडित झेनोडोटस इथे अडला. देवी आणि माणसासाठी खुर्ची उचलणार? शोभत नाही, या ओळी नकोतच! पुढे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्याच ॲरिस्टार्कस या पंडिताच्या बाजूने उत्तर आलं, आणि ते समासात आहे: अहो, ती म्हातारीच्या रूपात आहे हे विसरलात का, म्हातारीला साजेल तेच ती करतेय! मला हे वाचताना दरवेळी आनंद होतो, कारण तो बाहेरून नियम आणत नाही, होमरचंच आधीचं पान उलटून दाखवतो.

आणि ॲरिस्टार्कसची पद्धत बघा, ओळ संशयास्पद वाटली तर शेजारी आडवी रेघ मारायची, ओळ तशीच ठेवायची. पुन्हा सांगतो, रेघ शेजारी, ओळ जागेवर. आपल्याकडे जुन्या पुस्तकाच्या समासात कुणी पेन्सिलने लिहिलेलं दिसलं की लोक खोडरबर घेऊन बसतात, मला ते अजिबात पटत नाही, मुलांनाही लिहू द्यावं.

ॲरिस्टार्कसचे मूळ ग्रंथ हरवले, झेनोडोटसचेही. व्हिल्वाझों नावाच्या फ्रेंच पंडिताने ही प्रत 1788 मध्ये छापली तेव्हा हे सगळे वाद लोकांपुढे आले, आणि 2007 मध्ये तिच्या प्रत्येक पानाचे फोटो काढले गेले. तिसरा सर्ग, ओळ 424. खुर्ची तिथेच आहे.