पाळी गेली, इच्छा नाही गेली! कोरडेपणा, जेल आणि स्वतःचं सुख | सगळ्या जणी विचारताय म्हणून

नमस्कार मैत्रिणींनो. बाहेर परतीचा पाऊस आहे, पत्र्यावर आवाज येतोय तो आज सांभाळून घ्या, आणि दार मी आतून लावून बसलेय कारण विषय तसा आहे. १८ ऑक्टोबरला जागतिक मेनोपॉज दिवस झाला, व्हॉट्सॲपवर गुलाबी पोस्टरं फिरली, दूध प्या, चाला, कॅल्शियम घ्या, सगळं बरोबरच आहे. पण माझ्या मागच्या व्हिडिओखाली, तो अंगातून वाफा येतात त्यावरचा, तिथं आणि मेसेजमध्ये तुम्ही फिरून फिरून एकच गोष्ट विचारायल्यात आणि त्यावर एक पोस्टर नाही.

निपाणीच्या एका ताईंचा मेसेज वाचते, नाव घेत नाही. "काकू, वय ५६, मालक जाऊन चार वर्षं झाली. रात्री कधीतरी इच्छा होते. स्वतः हात लावायला गेले तर आग होते. हे पाप आहे म्हणून होतं का?"

ताई, पाप नाही. आग होते ती कोरडेपणानं होते. एवढंच आहे, आणि त्याला उपाय आहे.

आता बेसिक पटापट सांगते, तुम्हाला माहितीच आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणायचं. आपल्याकडं साधारण ४६-४७ च्या आसपास होतो, कुणाला आधी कुणाला नंतर. पिशवी काढताना दोन्ही अंडाशयं पण काढली असतील तर एका दिवसात होतो. इस्ट्रोजेन कमी होतं, त्यामुळं योनीची कातडी पातळ होते, रक्तपुरवठा कमी होतो, ओलावा कमी होतो, आतलं आम्लपण कमी होतं म्हणून चांगले जंतू कमी होतात आणि मग सारखी उन्हाळी लागते, लघवीला जळजळ. या सगळ्याला मिळून २०१४ पासून डॉक्टर लोक जीएसएम म्हणतात, जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज. वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत कमी होतात, हे मात्र आपोआप कमी होत नाही, वाट बघत बसलात तर वाढतं. झालं बेसिक.

आता मला जे सांगायचंय ते. कोरडं आहे म्हणजे इच्छा संपली, हे डोक्यातून काढा. मी २६ वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, शेकडो बायकांशी बोलले, आणि ही एक गैरसमजूत बाईला जितकं गप्प बसवते तितकं दुसरं काही बसवत नाही. बाई हात लावते, कोरडं लागतं, दुखतं, ती म्हणते बघा माझं शरीरच नको म्हणतंय, संपलं. अहो नाही म्हणत! इच्छा मेंदूत होते, ओलावा त्या कातडीत होतो, आणि आता कातडीला इस्ट्रोजेन मिळत नाही. भूक लागलेली असताना तोंडाला कोरड पडली तर आपण भूक नाही म्हणतो का? घोटभर पाणी पितो आणि जेवायला बसतो.

एक करून बघा आत्ता माझ्याबरोबर. (दोन बोटं कॅमेऱ्यासमोर) ही दोन बोटं कोरडी आहेत. खालचा ओठ जरा बाहेर काढा आणि आतल्या ओल्या बाजूवर बोट फिरवा, छान घसरतं. आता तो ओठ रुमालानं पुसून घ्या, पूर्ण कोरडा करा, आणि परत तेच बोट फिरवा. अडकतं ना? खेचल्यासारखं होतं. दहा वेळा तसंच केलं तर आग होईल. खालची कातडी याच्याहून नाजूक आहे आणि तिथं तुम्ही कोरडं बोट लावून "बघूया काही होतंय का" करताय. काही होणार नाही, दुखेल फक्त. म्हणून आधी जेल, मग हात. ओलं होईल मग लावू असं नाही. आधी.

(ट्यूब दाखवत) ही जेलची ट्यूब, वॉटर बेस्ड ल्युब्रिकंट म्हणून मेडिकलमध्ये मिळते. फ्लेवरवाली, थंड लागणारी, गरम लागणारी अशी घेऊ नका, या वयात ती जास्त झोंबतात. जागतिक आरोग्य संघटनेनं सुद्धा ल्युब्रिकंटमध्ये विरघळलेले पदार्थ फार जास्त नसावेत असं सांगितलंय, ते मोजायचं माप म्हणजे ऑस्मोलॅलिटी, ती १२०० च्या खाली, कारण तसलं जेल कातडीतलंच पाणी ओढून घेतं, म्हणजे ओलं करायला लावलं आणि उलट वाळवलं. आपल्याकडच्या पाकिटावर हा आकडा बहुधा नसतो, तेव्हा सोपी पद्धत, पहिल्यांदा थोडंसं बाहेरच्या बाजूला लावून बघा, झोंबलं तर ते तुमचं नाही, दुसरं घ्या. आणि किती? शेंगदाण्याएवढं घ्या, लावा, पंधरा मिनिटांनी ते सुकतं, परत शेंगदाण्याएवढं घ्या. बायका एकदा लावतात आणि सुकल्यावर तसंच चालू ठेवतात, तिथंच फसतं.

मॉइश्चरायझर वेगळं हं. खूप जणी दोन्ही एकच समजतात. ल्युब्रिकंट त्या वेळेपुरतं. व्हजायनल मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा लावायचं, इच्छा असो नसो, हिवाळ्यात टाचांना रोज लावतो तसं. टाच फुटल्यावर एक दिवस लावून काय उपयोग?

खोबरेल तेलाचं विचारलंय, किमान तीस जणींनी. बाहेरच्या बाजूला थोडं शुद्ध खोबरेल खूप बायकांना चालतं. पण नवरा कंडोम वापरत असेल तर तेल नको, लेटेक्स फाटतं. सारखं इन्फेक्शन होत असेल तर नको. व्हॅसलीन आत नको. हळद नको, कुंडीतली कोरफड कापून नको. आणि डेटॉल! माझ्या माय, डेटॉलच्या पाण्यानं धुणाऱ्या बायका मी स्वतः बघितल्यात, खानापूरकडच्या एका आजींची कातडी लालभडक झालेली, त्या म्हणाल्या वास येऊ नये म्हणून करते. साबण नाही, सुगंधी वॉश नाही, आत पिचकारी तर अजिबात नाही. साधं पाणी, बाहेरून.

आता मेडिकलमध्ये मागायचं कसं हा पण प्रश्न आहे, कारण आपल्या बेळगावात गणपत गल्लीत शिरलं की चार ओळखीचे भेटतात. माझ्या शेजारच्या अक्का कन्नड बोलतात, "मुट्टु निंतु" म्हणतात त्या, पाळी थांबली म्हणजे, आणि पाळी थांबल्यापासून त्यांना बसलं तरी टोचायचं. त्यांनी मला विचारलं ते सुद्धा गच्चीवर वाळवण घालताना, कुणी नाही बघून. मी त्यांना चिठ्ठीवर जेलचं नाव लिहून दिलं, म्हटलं बीपीच्या गोळ्यांच्या यादीतच मधे लिहा, पोऱ्या सगळं एका पिशवीत घालून देतो. आठवड्यानं त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, आता चालताना घासत नाही गं. सुखाचं नंतर, आधी चालताना घासत नाही. ते ऐकून मला भरून आलं, चार वर्षं ती बाई हे सहन करत होती.

आणि मी? माझी पाळी ४८ ला गेली. पन्नाशीला मला सारखी उन्हाळी, वर्षात तीनदा ॲन्टिबायोटिक. मी धीर करून डॉक्टरांना म्हटलं, कोरडं पडतंय, दुखतं. ते वर बघितलेच नाहीत, म्हणाले, "आता या वयात कशाला पाहिजे ते, देवाचं नाव घ्या." मी नर्स असून मला पुढं शब्द सुचला नाही. फाईल मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसले, पुढचं टोकन पुकारत होते आणि मी उठू शकत नव्हते. नंतर दुसऱ्या एका मॅडमकडं गेले, त्यांनी नीट तपासलं आणि कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं, आत लावायचं, पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. दीड-दोन महिन्यांत फरक पडला, उन्हाळीही थांबली. हे क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, आणि स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. पण विचारा. एकानं झिडकारलं तर दुसऱ्याकडं जा.

आता स्वतःच्या सुखाकडं येते. हस्तमैथुन हा शब्द ऐकला की बायका मान खाली घालतात, मी स्वतःचं सुख म्हणते, तुम्हाला जे बरं वाटेल ते म्हणा. त्यानं अशक्तपणा येत नाही, नजर जात नाही, हाडं ठिसूळ होत नाहीत. नवरा असला तरी चालतं, नसला तरी चालतं. माझे मालक आहेत, त्यांना शुगर आहे, नऊला झोपतात, त्यांच्यावर माझा राग नाही आणि माझ्या शरीरावरही नाही.

हात धुवा, नखं कापलेली पाहिजेत, लघवीला जाऊन या, दारात कडी, गरम पाण्यानं अंघोळ करून पडलात तर अजून बरं. जेल लावा. आणि आत जायची घाई करू नका, आत जायचीच गरज नाही. बायकांचं सुख मुख्यतः क्लिटोरिसमध्ये असतं, मराठीत शिश्निका, वरच्या बाजूला जिथं दोन्ही पाकळ्या जुळतात तिथं. दिसतं ते नुसतं टोक, बाकीचा भाग आत दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. १९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओकॉनेल या डॉक्टर बाईंनी तो नीट मांडून दाखवला, १९९८, म्हणजे माझ्या पुस्तकात तो धड नव्हताच. पिशवी काढली तरी तो तिथंच असतो, हे ऑपरेशन झालेल्या सगळ्या जणींसाठी सांगतेय. टोकावर थेट दाबलं तर झोंबू शकतं, आजूबाजूला, हलक्या हातानं, गोल.

आणि वेळ. वयाबरोबर तिथं रक्त जमायला वेळ लागतो, पूर्वी पाच मिनिटं लागायची तिथं आता वीस लागतील. कुंद्याचं दूध मोठ्या गॅसवर ठेवलं तर काय होतं आपल्याला ठाऊक आहे, खाली लागतं. दूध खराब नव्हतं, गॅस मोठा होता. पाच मिनिटं करून "माझ्यात काही राहिलं नाही" म्हणून कूस बदलून झोपणाऱ्या माझ्या बहिणींनो, तुमचं काही संपलेलं नाही, तुम्ही लवकर सोडलं. जेल परत लावा, श्वास सोडा, पोट सैल सोडा. तो शेवटचा क्षण आला नाही तरी बरं वाटलं ना, मग झालं. मला तर झोप चांगली लागते.

मसाजरचं, म्हणजे व्हायब्रेटरचं, विचारलंय त्यांना दोनच गोष्टी, मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा घ्या, आणि त्याच्यावर सिलिकॉनवालं जेल लावू नका, खराब होतो, वॉटर बेस्डच. वापरून झाल्यावर धुऊन वाळवून ठेवा. कमी स्पीड.

कीगलचा व्यायाम, म्हणजे खालचे स्नायू आवळून सोडायचे तो, सगळ्या जणी सांगतात, पण हात लावल्याबरोबर आतले स्नायू आवळून येत असतील, दुखत असेल, तर आवळायचा व्यायाम करून अजून दुखेल. आधी सैल सोडायला शिका, फिजिओथेरपिस्ट मदत करतात. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते आणि तो शेवटचा क्षण लांबतो, मनानं गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, बदलून देता येते.

एका कमेंटचं उत्तर देते. एका दादांनी लिहिलंय, "मराठी संस्कृतीत हे बसत नाही, आणि तुमचं मराठी पण अशुद्ध आहे." दादा, माझं मराठी बेळगावचं आहे, आमच्याकडं असंच बोलतात की. आणि संस्कृतीचं म्हणाल तर र. धों. कर्व्यांनी १९२७ साली समाजस्वास्थ्य मासिक काढलं, १९५३ पर्यंत मराठीतच चालवलं. वाचकांच्या अशाच खाजगी प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला भरला, आणि १९३४ साली कोर्टात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. निपाणीच्या ताईंनी मला जे विचारलं ते मराठी माणसं नव्वद-शंभर वर्षांपूर्वी पत्रानं विचारत होती.

आता एक गोष्ट राहिली, आणि ही ऐकल्याशिवाय व्हिडिओ बंद करू नका. मेनोपॉजनंतर अंगावरून रक्त गेलं, थेंबभर, चड्डीवर गुलाबी डाग, एकदाच, तरी डॉक्टरकडं जायचं. बऱ्याचदा कारण साधं निघतं, कातडी पातळ झालेली असते, पण पिशवीच्या कॅन्सरची पहिली खूण पण हीच असते. जेलनं बरं वाटलं म्हणून घरी बसायचं नाही. तसंच जखम, गाठ, पांढरा कातडीचा चट्टा, न थांबणारी खाज, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, यासाठीही जा.

चिकोडीच्या ज्या वहिनींनी काल रात्री लिहिलं की "दोनदा लाल गेलं, पण पाळी परत आली असेल," वहिनी, तुमची पाळी जाऊन सहा वर्षं झाली म्हणता, मग ती पाळी नाही. सोमवारी सकाळी जा, सोनोग्राफी करून घ्या, मला मेसेज करा. मी वाट बघतेय.