घाटात ओढ सोडणारी गाडी

(वंटमुरीचा चढ. उसाच्या ट्रॉलीमागे एक जुनी डिझेल गाडी.)

महामार्ग 48. निपाणीकडून बेळगावला येताना आधी तवंदीचा घाट लागतो, मग हा वंटमुरीचा. पुढची ट्रॉली मागं टाकायला पाय दाबावा आणि नेमकी तेव्हाच गाडीनं ओढ सोडावी. 80 वरून 60, मग 50. मागून ट्रकचा हॉर्न. ज्याच्यावर ही वेळ आली, त्याच्या छातीतली धडधड घरी पोहोचेपर्यंत थांबत नाही.

कडेला थांबून चावी बंद केली, पुन्हा फिरवली, की गाडी नीट पळते. पुढच्या चढापर्यंत.

डिझेल फिल्टर, एअर फिल्टर नवे टाकून झाले. इंजेक्टरही काढून साफ करून आणले. इतका खर्च करायला लावण्याआधी कुणीतरी गाडी चढावर नेऊन बघायला हवी होती.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी आधी बॉनेट उघडलंच नाही. "मामा, हे उभ्या गाडीचं दुखणं न्हवं. घाटात जाऊन येऊया की."

गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर जोडला. घाट उतरून परत चढताना पडद्यावर दोन आकडे: इंजिनाला हवा असलेला हवेचा दाब आणि प्रत्यक्ष मिळणारा. उभ्या गाडीत टर्बोला फारसं काम नसतं. चढावर मात्र तो हवा दाबून भरतो, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या दुपटीवर जाऊ शकतो. सपाटीला दोन्ही आकडे जुळत होते. चढ लागला तशी मागणी वर गेली, मिळणारा दाब मध्येच अडकला. डिझेलचा दाब मात्र जागच्या जागी. म्हणजे डिझेल पुरतंय, हवा निसटतेय. ही तफावत दिसली की इंजिनाचा कॉम्प्युटर नुकसान टाळायला डिझेल तोडतो. चावी फिरवल्यावर गाडी सुधारल्यासारखी वाटते ती यामुळंच: तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

(गॅरेज. हात जवळून.)

आता बॉनेट उघडलं. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी नळीवर तेलकट काळा डाग. मिस्त्री नळी दोन्ही हातांनी वाकवतात, तशी खालच्या बाजूला बोटभर चीर उघडते. सोडली की मिटते. मामा वाकून दोनदा बघतात. "एवढ्यासाठी?"

नवी नळी, दोन क्लॅम्प.

संध्याकाळी पुन्हा वंटमुरी. पुढं ट्रॉली. मामा आरशात बघतात, इंडिकेटर देतात. पडद्यावरचे दोन्ही आकडे बरोबरीनं चढत जातात.