धरण झिरपणारच, पण पाण्याचा रंग बघा

पुण्यात मातीच्या धरणाबद्दल बोलायचं म्हणजे १२ जुलै १९६१ पासूनच सुरुवात करावी लागते. पानशेतचं काम पुरं व्हायचं होतं आणि पाणी चढत होतं. विमोचकावरचा, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या मोरीवरचा, भराव खचायला लागला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचली, तरी धरण गेलं आणि त्यापाठोपाठ खडकवासलाही. मातीच्या पोटातून दगडी किंवा काँक्रिटची मोरी नेली की त्या सांध्याला माती नीट दाबली जात नाही. पाणी तिथूनच वाट काढतं. म्हणून आजही कुठल्याही धरणावर गेलो की मी आधी विमोचकापाशी जातो.

मातीचं धरण झिरपणारच. गाभ्याची काळी माती पाणी अडवत नाही, त्याची चाल मंद करते. पुढे वाळूचा फिल्टर पाण्याला वाट देतो आणि मातीचे कण मागे धरतो. खाली पायथ्याशी हे पाणी व्ही-नॉचवरून, म्हणजे V आकाराची खाच कापलेल्या पट्टीवरून, मोजतात. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. काटकोनी नॉचवर पाण्याची उंची ५ सेंमी असेल, तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी जातं. तीच १० सेंमी झाली, तर सव्वाचार लिटरच्या वर. उंची दुप्पट, पाणी साडेपाचपट! "थोडंसं वाढलंय, साहेब" हे उत्तर मी म्हणूनच कधी मान्य केलं नाही. जलाशयाची पातळी तीच असताना पाझर वाढला, तर आत काहीतरी बदललेलं असतं.

आणि आकड्याआधी रंग. काचेच्या बाटलीत पाणी भरा, रात्रभर ठेवा. तळाशी गाळ बसला, तर पाण्याबरोबर धरणाची मातीही बाहेर पडते आहे. स्वच्छ दहा लिटरपेक्षा गढूळ एका लिटरने माझी झोप उडते.

आता उतार. मातीचे कण एकमेकांवर रेटून असतात, त्या रेट्यातूनच घर्षण मिळतं. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की रेटा तेवढाच घटतो. पिझोमीटर हाच दाब सांगतात. स्थिर झिरप्यात खालच्या उताराचा सुरक्षा गुणांक (घसरण रोखणारी ताकद घसरवणाऱ्या जोराच्या किती पट) १.५ धरतात, पण हिशेबात घेतलेली पाणीरेषा (भरावात पाणी जिथवर चढतं ती रेषा) प्रत्यक्षात वर सरकली असेल, तर तो कागदावरच राहतो. पाण्याकडच्या उताराचं दुखणं वेगळं. जलाशय झपाट्याने उतरला की बाहेरचा आधार जातो आणि आतलं पाणी मात्र भरावातच असतं. धरण रिकामं होतंय म्हणून निर्धास्त राहतात, नेमका तेव्हाच हा उतार घसरू शकतो.

एका धरणावर एप्रिलमध्ये सगळा उतार वाळून पिवळा पडला होता आणि मधोमध हातभर रुंदीचा पट्टा हिरवागार, म्हणजे तिथं पाणी झिरपत असणार. चौकीदार म्हणाला, "तिथं गुरं आवडीनं चरतात." नोंदवहीत त्याचा शब्दही नव्हता. आम्ही साखळी क्रमांक (धरणाच्या लांबीवरचं नेमकं ठिकाण) लिहिला, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या आणि दर आठवड्याला पट्ट्याची लांबी मोजायला लागलो.