तुमचा वाडा नेमका किती जुना? कागद कुठे शोधायचे

नमस्कार मंडळी, नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत उभा आहे, मागे सागवानी खांबांचा वाडा दिसतोय ना, त्याच्याबद्दल कोणालाही विचारा, उत्तर एकच, भोसल्यांच्या काळातला. असेलही. पण पहिल्या रघुजीराजांपासून १८५३ पर्यंत म्हणजे शंभरावर वर्षं झाली राजेहो, त्यातला नेमका कुठला काळ?

बरेच जण आधी गूगल करतात, मी म्हणतो आधी नगर भूमापन कार्यालयात जा, आखीव पत्रिकेची, म्हणजे प्रॉपर्टी कार्डाची, नक्कल काढा. फक्त एक लक्षात ठेवा, ती जागेची असते, भिंतीची नाही. क्षेत्रफळ, सत्ताप्रकार म्हणजे जागा कोणत्या हक्काने धारण केलीय, मालक कसे बदलले हे त्यात मिळतं, वाडा कधी उभा राहिला ते मिळेलच असं नाही. म्हणून सोबत चौकशी नोंदवही पण मागा, भूमापनाच्या वेळी कोणी कशाच्या आधारावर हक्क सांगितला ते तिच्यात असतं, आणि जुन्या सनदेचा पत्ता कधीकधी तिथेच लागतो.

मग छापील. रसेल यांनी संपादित केलेलं १९०८ चं नागपूर जिल्हा गॅझेटियर आणि जेन्किन्सचा १८२७ चा रिपोर्ट, दोन्ही इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. जेन्किन्स म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, नागपूर दरबारातला तिचा प्रतिनिधी, सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर काही वर्षं राज्याचा कारभारच त्याच्या हातात होता, त्यामुळे माहिती भरपूर, पण नजर राज्य चालवणाऱ्याची. वाड्यात राहणारी माणसं त्यात कमीच भेटतात.

ती भेटतात मोडी कागदांत. हिशेब, वाटणीपत्रं, गहाणखतं. आणि वाडा पाडताना आधी रद्दीत जातं ते हेच! मी डोळ्यांनी पाहिलंय, ट्रंकभर कागद हातगाडीवर, फार जीव तुटतो हो. घरात असं बाड असेल तर वाचता येत नाही म्हणून टाकू नका, लॅमिनेशन तर अजिबातच करू नका, सरळ ठेवून फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, विदर्भ संशोधन मंडळातही चौकशी करा.

नागपूरच्या पुराभिलेखागारात जाल तेव्हा पेन्सिल न्या. आणि जो कागद पाहिला त्याचा रुमाल क्रमांक, म्हणजे कापडात बांधलेल्या ज्या गठ्ठ्यात तो आहे त्याचा नंबर, तिथल्या तिथे लिहून घ्या, घरी येऊन आठवत नाही.